शेवटच्या फळीचा कप्तान

१८ मे १९९६ रोजी लेव्हरकुसेनमध्ये बरोबरीत सुटलेल्या एका सामन्यानंतर कायझर्सलाउटर्नचा संघ बुंडेसलिगातून दुसऱ्या श्रेणीत घसरला. २५ मे रोजी बर्लिनमध्ये त्याच संघाने जर्मन करंडक जिंकला. ३० जूनला लंडनच्या वेम्बली मैदानावर झेक प्रजासत्ताकाचा संघ युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना खेळला आणि जादा वेळेत हरला. तिन्ही तारखांमध्ये मिळून अंतर ४३ दिवसांचं. या तिन्हींचे वाटेकरी असलेले झेक खेळाडू दोन. एक आघाडीवीर पावेल कुका आणि दुसरा बचावपटू मिरोस्लाव कादलेत्स.

कुकाचे गोल नोंदवहीत सापडतात. लेव्हरकुसेनच्या त्या अखेरच्या सामन्यात कायझर्सलाउटर्नला आघाडी मिळवून देणारा गोलही त्याचाच होता. कादलेत्सच्या वाट्याला अशा नोंदी फारशा आल्या नाहीत. चेकोस्लोव्हाकियासाठी ३८ आणि झेक प्रजासत्ताकासाठी २६ असे एकूण ६४ आंतरराष्ट्रीय सामने तो खेळला. दोन्ही देशांसाठी एक-एक गोल केला. त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत गाजलेला गोल या हिशेबात येतच नाही, कारण सामना बरोबरीत सुटल्यानंतरच्या पेनल्टी खेळाडूच्या खात्यावर मांडल्या जात नाहीत.

बचावपटूची कामगिरी कशी मोजायची, हा फुटबॉलमधला जुना आणि अवघड प्रश्न आहे. त्याने चेंडू वेळेत काढून घेतला तर प्रतिस्पर्ध्याचा फटकाच जन्माला येत नाही, आणि जे घडलंच नाही त्याची आकडेवारी ठेवता येत नाही. गोल खाल्ला की मात्र चुकलेला माणूस लगेच दिसतो. एका सामान्य वाटणाऱ्या, कोणत्याही वादात न सापडलेल्या बचावपटूची कारकीर्द एवढ्यासाठीच तपशिलात पाहण्यासारखी आहे. कादलेत्सच्या कारकिर्दीत एक देश मोडला, एक राजवट गेली, एका छोट्या शहराचा क्लब दोनदा जर्मनीचा विजेता झाला, आणि तो ज्या जागेवर खेळत असे ती जागाच फुटबॉलमधून नाहीशी झाली.

मोराविया ते मिलान

कादलेत्सचा जन्म २२ जून १९६४ चा, उहेर्स्के ह्रादिश्त्ये या मोरावा नदीकाठच्या गावातला. मोरावियाचा हा दक्षिणेकडचा भाग स्लोवाकियाच्या सीमेला लागून आहे. द्राक्षमळे, वाइन आणि भरतकाम केलेल्या लोकपोशाखांसाठी तो ओळखला जातो. प्राग इथून बरंच दूर, आणि झेक फुटबॉलमधली मोठी नावंही तिकडेच: स्पार्टा, स्लाव्हिया, दुक्ला. कादलेत्सचं नाव झालं ते मात्र देशाच्या पूर्व टोकाला, ओस्त्रावा शहरातल्या वितकोवित्से संघात.

वितकोवित्से म्हणजे पोलादाचा कारखाना. १८२८ साली सुरू झालेल्या या कारखान्याभोवती सगळी वस्ती वाढली होती, आणि संघही कारखान्याचाच होता. समाजवादी चेकोस्लोव्हाकियात व्यावसायिक फुटबॉलपटू हा प्रकार कागदोपत्री अस्तित्वात नव्हता. खेळाडू कुठल्या तरी कारखान्याच्या, लष्कराच्या किंवा पोलीस खात्याच्या हजेरीपटावर असत. वितकोवित्सेने १९८६ मध्ये देशाचं विजेतेपद पटकावलं आणि १९८७-८८ च्या हंगामात युएफा चषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठली. राजधानीबाहेरच्या या कामगारी संघातून कादलेत्स राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचला.

त्या काळात परदेशी क्लबकडून खेळायचं असेल तर सरकारची परवानगी लागे, आणि ती सहसा उमेदीची वर्षं सरल्यावरच मिळे. १९७६ चं युरोपीय अजिंक्यपद ज्याच्या पेनल्टीने देशाला मिळालं, तो आन्तोनिन पानेन्का ऑस्ट्रियातल्या रापिड व्हिएन्ना संघात गेला तेव्हा १९८१ साल उजाडलं होतं आणि त्याचं वय ३२ होतं. नोव्हेंबर १९८९ मध्ये प्रागच्या रस्त्यांवर लोक उतरले, काही आठवड्यांत एकपक्षीय राजवट कोसळली आणि सीमा खुल्या झाल्या. पुढच्याच उन्हाळ्यात इटलीत विश्वचषक होता. कादलेत्सने तेव्हा नुकतीच छब्बिशी गाठली होती. मागच्या पिढीतल्या खेळाडूंच्या नशिबी नसलेला योग त्याच्या पिढीला लाभला.

भारतात ज्यांनी १९९० चा विश्वचषक दूरदर्शनवर पाहिला, त्यांच्या मनात बहुधा कॅमेरूनचा रॉजर मिला आणि इटलीचा स्किलाची राहिले असतील. योझेफ वेंग्लोश यांच्या प्रशिक्षणाखालचा चेकोस्लोव्हाकियाचा संघही त्या स्पर्धेत देखणं खेळला. सलामीला अमेरिकेचा ५-१ असा धुव्वा, मग ऑस्ट्रियावर १-० विजय, रोममध्ये यजमान इटलीकडून ०-२ पराभव, आणि बाद फेरीत बारीला कोस्टा रिकावर ४-१ मात. तोमाश स्कुहरावी या उंचापुऱ्या आघाडीवीराने स्पर्धेत पाच गोल केले. १ जुलैला मिलानमध्ये पश्चिम जर्मनीने लोथार माथेउसच्या पेनल्टीवर त्यांना १-० असं रोखलं. पुढे हाच जर्मन संघ जगज्जेता ठरला, आणि अंतिम सामन्यातला एकमेव गोलही पेनल्टीवरच झाला. तो करणाऱ्या आन्द्रेआस ब्रेमेचं नाव या लेखात पुन्हा येणार आहे.

त्या उन्हाळ्यात चेकोस्लोव्हाकियाचा संघ युरोपभर विखुरला. स्कुहरावी जेनोआत, इव्हान हाशेक स्ट्रासबूर्गमध्ये, ल्युबोमिर मोराव्चिक सेंत-एतियेनला, तर मिखाल बिलेक स्पेनमध्ये रेआल बेतिसला गेला. कादलेत्सने निवडलं कायझर्सलाउटर्न.

टेकडीवरचं मैदान

कायझर्सलाउटर्न हे जर्मनीच्या पश्चिमेला, फ्रान्सच्या सीमेजवळचं लाखभर वस्तीचं शहर. म्युनिक किंवा हांबुर्गच्या मानाने अगदीच छोटं. जर्मन फुटबॉलच्या इतिहासात मात्र त्याचा मान मोठा आहे. १९५४ मध्ये ज्या संघाने बर्नला हंगेरीला हरवून पश्चिम जर्मनीला पहिला विश्वचषक मिळवून दिला, त्यात कायझर्सलाउटर्नचे पाच जण होते आणि कप्तान फ्रिट्झ वाल्टर हाही इथलाच. शहरालगतच्या बेट्झेनबेर्ग टेकडीवर क्लबचं मैदान आहे. त्याला वाल्टरचंच नाव दिलेलं आहे. उतरणीला लागून असलेल्या त्या प्रेक्षागारांतला गोंगाट भल्याभल्या पाहुण्यांना जड जाई.

कादलेत्स आला तेव्हा क्लबला १९५३ नंतर एकदाही लीग जिंकता आली नव्हती. कार्ल-हाइन्झ फेल्डकाम्प प्रशिक्षक होते आणि आघाडीवीर श्टेफान कुन्ट्स कप्तान. १५ जून १९९१ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, कायझर्सलाउटर्नने कोलोनमध्ये ६-२ असा विजय मिळवला आणि बायर्न म्युनिकला मागे टाकून ३८ वर्षांनी जर्मनीचं विजेतेपद घेतलं. कादलेत्सचा तो परदेशातला पहिलाच हंगाम होता.

तो खेळत असे ती जागा लिबेरोची, म्हणजेच स्वीपरची. आजच्या वाचकाला ती समजावून सांगावी लागते, कारण आजच्या सामन्यांत ती दिसत नाही. तेव्हाच्या जर्मन आणि झेक पद्धतीत दोन बचावपटूंवर समोरचे दोन आघाडीवीर सोपवलेले असत. ज्याचा त्याचा माणूस ठरलेला. तो जाईल तिथे त्याच्या पाठोपाठ जायचं. या दोघांच्याही मागे, गोलरक्षकाच्या पुढे, एक माणूस मोकळा ठेवलेला असे. त्याच्यावर कोणाचीही जबाबदारी नाही आणि म्हणून सगळ्यांचीच आहे. पुढचा बचावपटू चकला की भगदाड बुजवायला त्याने धावायचं. लांबून आलेला चेंडू कुठे पडणार हे आघाडीवीराच्या आधी त्याने ओळखायचं. चेंडू हाती लागला की तो नुसता लांब भिरकावून न देता पायात ठेवून मैदानाच्या मध्यापर्यंत जायचं आणि तिथून चढाई सुरू करायची.

फ्रान्झ बेकेनबावरने १९७० च्या दशकात ही जागा राजेशाही थाटाने रंगवली. कादलेत्सचा थाट वेगळा. तो बेकेनबावरसारखा नजरेत भरत नसे. पायात चपळाई फार नाही, पण अंदाज अचूक. चेंडूकडे झेपावण्यापेक्षा चेंडू येणार तिथे आधीच जाऊन उभं राहण्याकडे त्याचा कल. त्यामुळे त्याला जमिनीवर लोळण घेऊन चेंडू काढण्याची वेळ क्वचितच येई. डाव्या पायाने दिलेला त्याचा लांब पास चढाईची सुरुवात करून देई. अशा खेळाडूची सवय संघाला लागते आणि प्रेक्षकांना तो असल्याचं विसरायला होतं.

या जागेवरच्या माणसाच्या कामाची किंमत कशी असते, हे कायझर्सलाउटर्नला ६ नोव्हेंबर १९९१ रोजी कळलं. युरोपियन चषकाच्या दुसऱ्या फेरीत बार्सिलोनाने स्वतःच्या मैदानावर २-० अशी आघाडी घेतली होती. परतीच्या सामन्यात बेट्झेनबेर्गवर जर्मन विजेत्यांनी योहान क्रॉयफच्या त्या संघाला ३-० असं झोपवलं. नव्वदावं मिनिट आलं. एक फ्री किक, गर्दीत उंच उडालेला खोसे मारी बाकेरो, आणि चेंडू जाळ्यात. एकत्रित गुणफलक ३-३, परक्या मैदानावरच्या गोलमुळे बार्सिलोना पुढे. सहा महिन्यांनी त्याच बार्सिलोनाने वेम्बलीवर आपला पहिला युरोपियन चषक उंचावला. ८९ मिनिटं चोख बचाव करायचा आणि एका उडीने सगळं जायचं, असा हा धंदा आहे.

देश बदलतो, संघ तोच

१ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. १९९४ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी तेव्हा निम्म्यावर आली होती. जो देश नकाशावर नाही त्याचा संघ मैदानावर कसा खेळणार? तोडगा निघाला. ‘झेक आणि स्लोवाकांचा प्रतिनिधी संघ’ या नावाने त्यांनी उरलेले सामने पूर्ण केले. १७ नोव्हेंबर १९९३ रोजी ब्रसेल्समध्ये बेल्जियमविरुद्ध विजय हवा होता. सामना ०-० सुटला, आणि १९३४ व १९६२ मध्ये विश्वचषकाची अंतिम फेरी गाठलेला तो संयुक्त संघ कायमचा विसर्जित झाला.

नव्या झेक संघाने फेब्रुवारी १९९४ मध्ये इस्तंबूलला तुर्कस्तानला ४-१ असं हरवून सुरुवात केली. कादलेत्सकडे आता अनुभवी माणसाची भूमिका आली. प्रशिक्षक दुशान उह्रिन यांनी युरो १९९६ साठी जो संघ बांधला त्यात पावेल नेद्वेद, पात्रिक बेर्गर, कारेल पोबोर्स्की, व्लादिमिर श्मित्सर अशी तेवीस-चोवीस वर्षांची किंवा त्याहूनही लहान मुलं होती. देशाबाहेर त्यांना ओळखणारे थोडे. पात्रता फेरीत या संघाने हॉलंडला प्रागमध्ये ३-१ असं हरवलं आणि लक्झेंबर्गकडून ०-१ असा मारही खाल्ला. अशा लहरी, तरुण संघाच्या मागे एक शांत माणूस लागतो. उह्रिन यांनी कप्तानपद कादलेत्सकडे दिलं.

इंग्लंडमध्ये गट पडला तो जर्मनी, इटली आणि रशियाबरोबर. ९ जूनला ओल्ड ट्रॅफर्डवर जर्मनीने त्यांना २-० असं सहज हरवलं. पाच दिवसांनी अॅनफिल्डवर, दोनच वर्षांपूर्वी विश्वचषकाची अंतिम फेरी खेळलेल्या इटलीविरुद्ध, नेद्वेद आणि राडेक बेय्ब्ल यांच्या गोलवर झेकांनी २-१ विजय मिळवला. रशियाविरुद्ध मध्यंतराला २-० अशी आघाडी होती. ती ८५ व्या मिनिटाला २-३ अशी उलटली. तिकडे इटली जर्मनीशी बरोबरीत अडकली होती. अखेरच्या क्षणी बदली खेळाडू श्मित्सरने गोल केला आणि ३-३ वर झेक संघ पुढे गेला, इटली घरी.

उपांत्यपूर्व सामन्यात पोर्तुगालच्या फिगो, रुई कोस्ता यांच्या पिढीला झेकांनी १-० असं थोपवलं. पोबोर्स्कीने गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद उचललेला तो चेंडू आजही युरोच्या प्रत्येक आठवणीत दाखवला जातो. त्याच्या गोलनंतरचा उरलेला अर्ध्या तासाहून अधिक वेळ मात्र बचावाचा होता. रादोस्लाव लातालला लाल कार्ड मिळाल्याने अखेरची काही मिनिटं दहा जणांनी काढली. तो भाग कोणी पुन्हा दाखवत नाही.

२६ जूनला ओल्ड ट्रॅफर्डवर फ्रान्स. १९९३ च्या नोव्हेंबरपासून हा संघ हरलेला नव्हता. झिदान, जोर्काएफ, देशाँ, देसाई, ब्लाँ. दोन वर्षांनी जग जिंकणाऱ्या संघाचा सांगाडा तयार होता. झेकांकडून मात्र कुका, बेय्ब्ल, लाताल आणि बचावफळीतला यान सुखोपारेक असे चौघे कार्डांमुळे बाहेर बसले होते. चार दिवसांपूर्वीच बत्तिशी गाठलेल्या कप्तानाला बदललेल्या बचावफळीची मोट बांधायची होती. १२० मिनिटं झाली, गोल नाही. या दोन तासांत कादलेत्सच्या संघाने झिदान आणि जोर्काएफ यांना मोकळी जागा मिळू दिली नाही. माझ्या मते त्याची त्या रात्रीची खरी कामगिरी तीच होती.

मग पेनल्टी. फ्रान्सचे पाच जण मारत गेले आणि पाचही आत: झिदान, जोर्काएफ, लिझारझू, गेराँ, ब्लाँ. झेकांचेही पाच आत: कुबिक, नेद्वेद, बेर्गर, पोबोर्स्की, रादा. ५-५. सहावा फ्रेंच खेळाडू रेनाल्ड पेद्रोस. त्याचा फटका गोलरक्षक पेत्र कोउबाने अडवला. आता कादलेत्स.

पहिल्या पाचांत त्याचं नाव नव्हतं. कुशल पायांची तरुण मंडळी आधी मारून गेली होती. पेनल्टीचा क्रम लांबला की ज्यांचं ते रोजचं काम नाही अशांवर पाळी येते, आणि लिबेरोची जागा तर गोलपासून सगळ्यांत दूर. कादलेत्सने बर्नार लामाला चकवून गोल केला. ६-५. चार वर्षांचंही वय नसलेल्या देशाचा फुटबॉल संघ आपल्या पहिल्याच मोठ्या स्पर्धेत अंतिम फेरीत पोहोचला.

अंतिम सामना पुन्हा जर्मनीशीच. या सामन्यात दोन लिबेरो समोरासमोर होते: झेकांकडे कादलेत्स, जर्मनीकडे माथियास झामर, जो त्या वर्षी युरोपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कायझर्सलाउटर्नच्या १९९१ च्या विजेत्या संघाचा कप्तान कुन्ट्स आता जर्मनीच्या आघाडीला होता, म्हणजे कादलेत्सला आपल्याच जुन्या कप्तानाला रोखायचं होतं. पहिल्या सत्रात कुन्ट्सने कोउबाच्या वरून उचललेला चेंडू कारेल रादाने रेषेवरून बाहेर काढला. ५९ व्या मिनिटाला झामरने पोबोर्स्कीला पाडलं, पंचांनी पेनल्टी दिली आणि बेर्गरने ती जाळ्यात मारली. वेम्बलीवर झेक प्रजासत्ताक १-०.

६९ व्या मिनिटाला जर्मनीने ऑलिव्हर बिअरहॉफला उतरवलं. चार मिनिटांत त्याने फ्री किकवर डोक्याने बरोबरी साधली. जादा वेळेच्या पाचव्या मिनिटाला गोलकडे पाठ असलेला बिअरहॉफ वळला, त्याचा फटका मिखाल होर्न्याकला लागून वळला, कोउबाच्या हातांतून निसटला आणि खांबाला घासून आत गेला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे जादा वेळेतला पहिला गोल निर्णायक. सामना तिथेच संपला. एखाद्या मोठ्या स्पर्धेचं विजेतेपद गोल्डन गोलवर ठरण्याची ती पहिलीच वेळ होती.

सगळे वर गेले, हा खाली

त्या उन्हाळ्यात युरोपातल्या क्लबांनी झेक संघावर उड्या टाकल्या. नेद्वेद लात्सिओत गेला आणि २००३ मध्ये युरोपचा सर्वोत्तम खेळाडू झाला. पोबोर्स्की मँचेस्टर युनायटेडला, बेर्गर लिव्हरपूलला, बेय्ब्ल आत्लेतिको माद्रिदला, कोउबा देपोर्तिव्हो ला कोरुन्याला, श्मित्सर लाँसला, सुखोपारेक स्ट्रासबूर्गला. कप्तान कादलेत्स आणि त्याच्याबरोबर कुका परत आले कायझर्सलाउटर्नला, दुसऱ्या श्रेणीत खेळायला.

त्या घसरणीचं दुःख जर्मनीने पाहिलं होतं. लेव्हरकुसेनमध्ये सामना संपल्यावर विश्वविजेता ब्रेमे प्रतिस्पर्धी संघातला आपला जुना सहकारी रुडी फोलरच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. ब्रेमेही क्लब सोडून गेला नाही. एकाच संघात विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातली पेनल्टी मारणारा आणि युरोच्या उपांत्य फेरीतली निर्णायक पेनल्टी मारणारा असे दोघे बचावपटू होते, आणि दोघेही छोट्या शहरांच्या मैदानांवर दुसऱ्या श्रेणीचे सामने खेळत होते.

प्रशिक्षक म्हणून ओटो रेहागेल आले. बायर्न म्युनिकने हंगाम संपायच्या आत त्यांना काढून टाकलं होतं. त्यांच्या हाताखाली संघाने वर्षभरात दुसरी श्रेणी जिंकली आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये बुंडेसलिगातला पहिलाच सामना म्युनिकमध्ये, बायर्नविरुद्ध, आला. मिखाएल शोनबर्गच्या हेडरवर कायझर्सलाउटर्न १-० जिंकला. लोकांनी तो दैवयोग मानला. पण शरद गेला, हिवाळा गेला, तरी हा नवा संघ अव्वलच. बेट्झेनबेर्गवरही बायर्न २-० असा हरला. आघाडीला २१ गोल करणारा ओलाफ मार्शल, मध्यात कप्तान चिरियाको स्फोर्झा, बाकावरून अधूनमधून उतरणारा एकवीस वर्षांचा मिखाएल बालाक, आणि मागे रेहागेल यांच्या आवडीची जुनी पद्धत: एक लिबेरो. २ मे १९९८ रोजी घरच्या मैदानावर वोल्फ्सबुर्गला ४-० हरवल्यावर, एक फेरी बाकी असतानाच, विजेतेपद निश्चित झालं. बायर्नपेक्षा दोन गुण अधिक.

दुसऱ्या श्रेणीतून वर येताच पहिल्याच वर्षी बुंडेसलिगा जिंकणारा कायझर्सलाउटर्न हा एकमेव संघ आहे. आजवर दुसऱ्या कोणालाही ते जमलेलं नाही. १९९१ आणि १९९८ या दोन्ही विजेतेपदांच्या मध्ये घसरण, करंडक आणि पुनरागमन पाहिलेला कादलेत्स त्या उन्हाळ्यात क्लबचा निरोप घेऊन मोरावियाला परतला. ब्रेमेनेही त्याच उन्हाळ्यात बूट उतरवले.

घरी परतल्यावर तो द्रनोवित्से या संघात गेला. व्हिश्कोव्हजवळचं हे जेमतेम दोन हजार वस्तीचं खेडं, पण त्याचा संघ तेव्हा देशाच्या पहिल्या श्रेणीत होता आणि मैदानात गावाच्या कैक पट माणसं मावत. कारकिर्दीचा शेवट त्याने अशा ठिकाणी केला हे त्याच्या एकंदर वाटचालीला साजेसंच आहे. ओस्त्रावाची कामगारवस्ती, कायझर्सलाउटर्नची टेकडी, द्रनोवित्सेचं खेडं. राजधानीच्या क्लबचा झगमगाट त्याने कधी जवळ केला नाही.

जागा गेली, वारसा राहिला

कादलेत्स निवृत्त होईतो लिबेरोही निवृत्त होत आला होता. कारणं अनेक. १९९२ पासून सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईनासा झाला, त्यामुळे मागच्या माणसाची सोपी सुटका गेली. विजयाला तीन गुण मिळू लागले आणि बरोबरीसाठी खेळणं परवडेनासं झालं. मिलानने दाखवून दिलं होतं की चौघांची सरळ रेषा धरून पुढे सरकलं तर समोरचे आघाडीवीर ऑफसाइड सापडतात. रेषेच्या मागे एक माणूस मोकळा असला की ही चाल करताच येत नाही, शिवाय मधल्या फळीत एक माणूस कमी पडतो. पाच-सहा वर्षांत मोठ्या संघांनी ती जागा सोडून दिली.

शेवटचा मोठा अपवाद झेकांच्याच मुळावर आला. युरो २००४ मध्ये नेद्वेद, पोबोर्स्की आणि त्यांच्यानंतरची पिढी मिळून झेकांकडे कदाचित त्यांचा सर्वोत्तम संघ होता. उपांत्य फेरीत पोर्तोला त्यांची गाठ ग्रीसशी पडली. ग्रीसचे प्रशिक्षक होते ओटो रेहागेल. जगाने मोडीत काढलेला लिबेरो त्यांनी अजूनही ठेवला होता, त्राइयानोस देल्लास नावाचा. गोलशून्य सामन्याच्या जादा वेळेचं पहिलं सत्र संपता संपता त्याच देल्लासने कॉर्नरवर डोक्याने गोल केला आणि झेक बाहेर पडले. ज्या पद्धतीने रेहागेल यांनी कादलेत्सच्या साथीने जर्मनी जिंकली, तिनेच त्यांनी कादलेत्सच्या देशाला रोखलं आणि पुढे युरोपही जिंकलं.

वारसा घरात पुढे गेला. १९८४ मध्ये जन्मलेला मुलगा मिखाल हाही बचावपटू झाला. वडिलांना ज्या लेव्हरकुसेनमध्ये घसरणीचा दिवस पाहावा लागला, त्याच शहराच्या क्लबकडून मिखाल २००८ ते २०१३ अशी पाच वर्षं बुंडेसलिगा खेळला. सप्टेंबर २०११ मध्ये ग्लासगोत, स्कॉटलंडविरुद्ध शेवटच्या मिनिटाला मिळालेली पेनल्टी त्याने मारली आणि २-२ अशी बरोबरी साधली. पुढच्या वर्षीच्या युरो स्पर्धेत यजमान पोलंडविरुद्ध झेक १-० पुढे असताना, भरपाईच्या वेळेत त्याने गोलरेषेवरून डोक्याने चेंडू बाहेर काढला. झेक उपांत्यपूर्व फेरीत गेले. कारकिर्दीच्या उत्तरार्धात मिखाल स्लोवाको संघात आला. या संघाचं मैदान उहेर्स्के ह्रादिश्त्येला, वडिलांच्या जन्मगावी आहे.

झेक फुटबॉलची गोष्ट जगात सांगितली जाते ती मासोपुस्त, पानेन्का, नेद्वेद यांच्या नावांनी, आणि ती नावं त्या मानाला पात्रच आहेत. पण १९९६ च्या त्या संघात नेद्वेदला पुढे धावण्याची मोकळीक होती, कारण मागे माणूस होता. पोबोर्स्कीचा गोल विजयी ठरला, कारण त्यानंतर गोल बसला नाही. कायझर्सलाउटर्नचा चमत्कार घडला, कारण घसरणीच्या वर्षी काही माणसांनी क्लब सोडला नाही. कादलेत्स या तिन्ही ठिकाणी होता. दोन जर्मन विजेतेपदं, एक जर्मन करंडक, एक युरोपीय रौप्यपदक आणि ६४ सामने: मध्य युरोपातल्या त्याच्या पिढीच्या फार थोड्या बचावपटूंच्या नावावर एवढं आहे. झेक फुटबॉलच्या पहिल्या पंगतीत त्याचं पान मांडलं गेलंच पाहिजे.

वाचकांना एकच सुचवावंसं वाटतं. १९९६ च्या झेकविरुद्ध फ्रान्स सामन्याचं चित्रण मिळालं तर पेनल्टीपर्यंत पुढे सरकवू नका. आधीची १२० मिनिटं पाहा, आणि चेंडूकडे न पाहता झेक संघाच्या सर्वांत मागच्या माणसाकडे पाहा. गोल न झालेला सामना किती कसबाने खेळला जातो, हे तिथे कळतं.